केनच्या वॉलपेपरवर धोंडिबा

वाशीमच्या स्टँडवर मला सोडायला सगळी वस्ती आली होती. एसटी सुटायला वेळ होता आणि रडून झालं होतं, म्हणून बायका सल्ले देत होत्या. जाऊबाई म्हणाली, "एक बरंय बाई, तिकडे जात विचारणारं कुणी नाही." नवरा जाऊन वर्ष झालं होतं. विजय, माझा एकुलता एक मुलगा, नॉटिंगहॅमला डॉक्टर होता. त्याने बोलावलं, मी निघाले. मला परदेशाची हौस नव्हती. एकटीपुरत्या भाकरी थापायचा कंटाळा आला होता, एवढंच.

जाऊबाईचं निम्मं खरं निघालं. गोरे जात विचारत नाहीत. आपली माणसं विचारतात, पण गोड बोलून. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आधी आडनाव, त्यावरून कळलं नाही तर मूळ गाव, मग गावात घर कुठल्या आळीला. विजय म्हणायचा, "आमची शेती होती." शेती कुणाची आणि आम्ही तिथे काय करायचो, ते सांगायचा नाही. माझा बाप म्हणायचा, "विचारलं तर सांगायचं, मान वर करून." विजय म्हणायचा, "आई, इथे कशाला उकरून काढायचं?" त्याची बायको कॅरल नर्स होती. तिलाही त्याने शेतीच सांगितली होती.

कॅरलचा बाप केन, माझा व्याही. मोज्यांच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला. मला 'डक' म्हणायचा. इथली माणसं मायेने तसं म्हणतात, पण पहिल्यांदा मला राग आला होता. बदक म्हणतो म्हणजे काय! मी त्याला केनभाऊ म्हणायचे. बायको वारल्यावर त्याला पूर्वज शोधायचा नाद लागला. बसने रेकॉर्ड ऑफिसला जायचा, मशीनवर फिल्म फिरवून चर्चची, शिरगणतीची जुनी पानं बघायचा आणि सापडलेली नावं वॉलपेपरच्या कोऱ्या बाजूवर लिहायचा. प्रत्येक नावाखाली त्या माणसाचा धंदा. तळाशी माझी नात. कॅरलच्या बाजूला नावंच नावं. विजयच्या बाजूला विजय, मी आणि माझा नवरा, वर सगळं कोरं.

केनच्या आजोबाची बहीण एडा तरुणपणी बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली होती. बोटीच्या यादीत तिचं नाव सापडलं तेव्हा केनने आम्हा सगळ्यांना फोन केले. मग मेलबर्नला तिची नात मेरियन सापडली. एडा तिकडे सांगायची, की माझ्या बापाची नॉटिंगहॅमजवळ सफरचंदांची बाग होती. केननेही लहानपणी तेच ऐकलं होतं. मेरियनने कळवलं, उन्हाळ्यात बाग बघायला येते.

आणि केन रेकॉर्ड ऑफिसला जायचा बंद झाला. फोनवर धड बोलेना. कॅरलला वाटलं, तब्येत बिघडली.

मी कांदाभजी घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने जन्मनोंदींची एक फोटोकॉपी माझ्यापुढे सरकवली आणि बोलत सुटला. मला इंग्रजी कळत नाही असं तो धरून चालला होता. मला बोलता येत नाही, कळतं सगळं. एडा आणि तिचा भाऊ, म्हणजे केनचा आजोबा, वर्कहाउसमध्ये जन्मले होते. ज्यांना कुठेच थारा नाही, त्यांना तिथे कामाला लावून खायला घालायचे. आई मोलकरीण. बापाच्या जागी काहीच नाही.

"मेरियनला काय सांगू? कागद जळाले म्हणू?"

मी म्हटलं, "केनभाऊ, माय ग्रँडफादर, डेड काऊ, पुल." हाताने ओढून दाखवलं. मग विहीर सांगितली, जिला आम्ही शिवायचं नाही. ओंजळीत वरून टाकलेली भाकर सांगितली. जमेल तसं सांगितलं. त्याने बराच वेळ डोकं खाजवलं.

"कॅरलला ठाऊक आहे?"

"नो."

"ब्लडी हेल, डक," तो म्हणाला आणि भजं उचललं.

मेरियन आली. केसांना लाल रंग, मोठा आवाज, चांगली बाई. रविवारी सगळे केनकडे जेवायला बसलो. केनचा रोस्ट, माझी डाळ. "मग बाग कधी दाखवतोस?" तिने विचारलं.

केनने सुरी खाली ठेवली. "बाग नव्हतीच. विजयच्या हॉस्पिटलमागे विटांची जुनी बिल्डिंग आहे, ते तेव्हाचं वर्कहाउस. एडा तिथे जन्मली. बाप कोण, कुणाला ठाऊक नाही."

मेरियन म्हणाली, "तरीच! बागवाल्याची पोर, आणि जन्मात तिला ॲपल पाय जमला नाही." हसता हसता रडायला लागली.

डोळे पुसून तिने विजयला विचारलं, "आणि तुझी माणसं काय करायची?"

"फार्म..." म्हणून विजय थांबला. केन ताटात बघत होता, कॅरल विजयकडे. मी मराठीत म्हटलं, "सांग लवकर, डाळ गार होतेय."

त्याने सांगितलं. पेशंटचा रिपोर्ट वाचावा तसं, सलग, कुणाकडे न बघता. कॅरल म्हणाली, "इतकी वर्षं, विजय?" नंतर काही दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. राग खोटं बोलल्याचा होता. तो तिने करायलाच हवा होता.

जेवण झाल्यावर केनने वॉलपेपर पसरला. "नावं सांग, डक." मी बापाचं सांगितलं, मग आजाचं. गावात त्याला म्हातारपणीसुद्धा धोंड्याच म्हणायचे. मी धोंडिबा लिहायला लावलं. खाली धंद्याच्या जागी केनचं पेन अडलं. विजयने ते त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं.

वस्तीत आता पक्की घरं झालीत, घराघरात नळ आलाय, असं पुतण्या कळवतो. आनंद आहे. पण मला परत बोलावू नका. विजयला सांगून ठेवलंय, माझी राख तिकडे न्यायची नाही. धोंडिबाच्या वर कोण, ते मला माहीत नाही आणि कुणी लिहूनही ठेवलेलं नाही. माझं तसं होणार नाही. उद्या नातीची पोरं मला शोधायला निघाली, तर मी नॉटिंगहॅममध्ये सापडेन. ज्या गावी आपण शोधल्यावर सापडतो, ते आपलं गाव.