मागाचा खड्डा

सावकारानं आमचं घर घेतलं ते कायद्यानं घेतलं, एवढं कबूल करतो. कुठं कमी ठेवलं नाही त्यानं. समन्स आलं ते नायनानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातात घेतलं नाही, तर कोर्टाच्या बेलिफानं दाराला चिकटवलं. हुकूमनामा झाल्यावर लिलावाचा कागद तिथंच लावला आणि दारापुढं डफडं वाजवून सगळ्या विणकर गल्लीला ऐकवलं. नायना आत विणत होता. तो जोरजोरानं धोटा मारायला लागला.

त्याला एका वकिलाच्या कारकुनानं सांगितलेलं, कारागिराचं हत्यार जप्त करता येत नाही. खरंच होतं ते. आमचा माग खड्ड्याचा. घराच्या जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी पावड्या दाबायच्या. नायना म्हणाला, माग नेता येत न्हाय, मग खड्डा कसा नेतील? आन खड्डा नेता येत न्हाय तर घर कसं घेतील? मलाही पटलं. तारखेला कोर्टात कुणी गेलंच नाही. लिलावात घर सावकारानंच घेतलं.

ताबा घ्यायला बेलिफ पोलीस, पंच आणि सावकाराला घेऊन आला तेव्हा उजाडायचं होतं. सूर्य उगवायच्या आत घरात शिरायची त्याला बंदी, म्हणून कट्ट्यावर बसला. आईकडं पाणी मागितलं. तिनं दिलं. भिंतीवर ऊन आलं तसा सावकार म्हणाला, "उगवला की! आता आरती करताय व्हय त्याची?"

बेलिफ आत आला. नायना मागावरच बसलेला. "मामा, उठा."

"मागाला हात लावायचा न्हाय तुला."

"न्हाईच लावत. माग तुमचाच हाय. खुशाल घेऊन जावा."

"आन खड्डा?"

"खड्डा बी बांध की गाठोड्यात," सावकार म्हणाला. "सुनेच्या डोक्यावर दे!"

पंच हसले. माझी बायको भांडी बाहेर काढत होती. तिनं मान वर केली नाही.

मागावर अर्धं लुगडं होतं. ताण्याचं सूत कापल्याशिवाय माग निघणार नव्हता. बेलिफ म्हणाला, "ते तुमीच कापायचं. मी कापलं तर माझी नोकरी जाईल."

"न्हाय कापत."

"मग पोलीस तुमाला उचलतील. माणसाला हात लावायची बंदी न्हाय."

नायनानं कापलं. बेलिफानं एकेक लाकूड मोजून रस्त्यावर ठेवायला लावलं, काही मोडलं नाही म्हणून कागदावर नायनाचा अंगठा घेतला.

मग आम्ही खोल्या शोधल्या. प्रत्येक मालक म्हणायचा, राहा, पण जमीन खणायची न्हाय. शेवटी एकानं आसरा दिला. माग भिंतीला टेकून पडला.

काही दिवसांनी सावकाराचा माणूस आला. "खड्डा रिकामा हाय. माग घेऊन या. भाड्यानं बसा."

नायना उठून मागाची फणी पुसायला लागला. जाणार होता तो! आपल्याच खड्ड्यात भाड्यानं. मी कुऱ्हाड घेतली, माग फोडला आणि आईच्या चुलीपुढं टाकला. सागवान होतं, लई दिवस पुरलं. मी गिरणीत लागलो. नायना मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. न बोलला तर न बोलला. आजही कुऱ्हाडच घेईन.