दहापैकी किती

सलीम सरांची सगळी कार्डं एकाच ओळीनं संपत. वर काहीही असो, उकाड्याचं, परीक्षेचं, कुणाच्या लग्नाचं, खाली, सहीच्या आधी, "आज दहापैकी सात." कधी आठ. एकदा चार होते, तेही त्यांनी लिहिलं.

लातूरच्या एका कॉलेजात ते फिजिकल डायरेक्टर होते. पोरं पी.डी. सर म्हणत. बास्केटबॉलच्या कोर्टावर त्यांचा नियम एकच होता. प्रॅक्टिस संपली, पाय जड झाले, की प्रत्येकानं दहा फ्री थ्रो टाकायचे आणि जाताना आकडा सांगायचा. मोजायला कुणी उभं राहत नसे. सर पाठ करून चेंडू गोळा करत. "रिंग खोटं बोलत नाही. राहिलात तुम्ही," एवढंच म्हणायचे.

कॉलेज सोडून गेलेल्यांनाही नियम सुटला नव्हता. सरांना पत्र लिहायचं तर आधी दहा फेकायचे. रिंग नसेल तर जे हाती लागेल ते, जिथं पडेल तिथं. मग शेवटी आकडा. न फेकता आकडा लिहायचा नाही, आणि आकड्याशिवाय पत्र लिहायचं नाही.

अशी बारा पोरं होती. कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत, पाच फौजेत. संध्याकाळी खांबाखालच्या पायरीवर बसून, मांडीवर स्कोअरबुक ठेवून, सर कार्डं लिहीत. त्यांची बायको जाहिदाबी म्हणायच्या, "पोटची पोरगी नांदेडला दिली, तिला सालात दोन खत. और ये फौजवालों को हर हफ्ते. कहकशांनं पण चेंडू फेकायला पाहिजे होता."

"फेकला असता तर लिहिलं असतं," सर म्हणायचे.

भुजंग त्या पाचांतला. त्र्याण्णवच्या भूकंपात तो पहिल्या वर्षाला होता, हॉस्टेलवर. त्याचं गाव किल्लारीच्या बाजूला. पहाटे जमीन हलली आणि दुपारी त्याला कळलं की वडील नाहीत, घर नाही. आई गुणाबाई आणि दहा वर्षांची तनुजा अंगणात झोपल्या होत्या म्हणून राहिल्या. पुढं महिनाभर लातूर छताखाली झोपलं नाही. सरांनी तिघांना कोर्टावर आणलं. फ्री थ्रोच्या रेषेला डोकं लावून ती झोपत. कुठं बारीक हादरा बसला की तनुजा उठून बसे. सर शेजारच्या सतरंजीवरून म्हणत, "बाळा, वर बघ. काय आहे?"

"कायच न्हाई."

"मग पडंल काय? झोप."

अकराव्या दिवशी भुजंगनं चेंडू मागितला. दहापैकी दोन गेले. सरांनी ते स्कोअरबुकात लिहिलं, तारखेसकट. दोन वर्षांनी तो फौजेत लागला तेव्हा सर त्याला नांदेडपर्यंत सोडायला गेले. नांदेड सरांचं मूळ गाव. वडील तिथं भांड्यांना कल्हई करत. प्लॅटफॉर्मवर सरांनी त्याला पन्नास कोरी कार्डं दिली, प्रत्येकावर आपला पत्ता आधीच लिहिलेला.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात लढाई सुरू झाली आणि भुजंगची पलटण वर गेली. पत्त्यात फक्त नंबर आणि ५६ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपाल. सर आता त्याला रोज लिहू लागले. लढाईबद्दल एक अक्षर नाही. नेट फाटली, सुतळीनं शिवली. मधमाश्यांनी बोर्डामागं पोळं केलं, पोरं त्या बाजूनं लेअप मारत नाहीत. देवणीच्या संघाला सोळा गुणांनी हरवलं. आज दहापैकी आठ. ही कार्डं वर पोचेपर्यंत शिळी होणार हे त्यांना माहीत होतं. शिळंच पाठवायचं होतं. जिथं रोज काहीतरी नवीन घडून माणसं मरतात तिथं ताजं कशाला पाठवायचं.

भुजंगची उत्तरं दोन-तीन आठवड्यांनी येत, कधी तीन एकदम. "जागेचं नाव लिहिता येत नाही. उंच आहे. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात दगड टाकतो. हवा पातळ, दगड अंदाजापेक्षा लांब जातो. दहापैकी सहा." दुसऱ्यात: "डब्यावर गोळी लागली. आता हेल्मेटमध्ये टाकतो. पाच." सर ते आकडे पुन्हा पुन्हा वाचत. सहाचे पाच झाले म्हणजे हात कापत असेल का, थंडीनं की कशानं, याचा विचार करत.

स्टाफरूममध्ये फिजिक्सचे रामलिंग सर एकदा पेपर खाली ठेवत म्हणाले, "सलीमभाई, रोज कार्डं टाकताय, एखादं पलीकडंही टाका की. म्हणावं, बस करा आता." दोघंतिघं हसले. वीस वर्षं एकाच टेबलावर चहा प्यालेली माणसं.

"माझं कार्ड वर बंकरमध्ये पोचतंय, रामलिंग," सर म्हणाले. "तुमचं लेक्चर मागच्या बाकापर्यंत तरी पोचतं का बघा." पुन्हा हसू झालं. त्या दिवशी संध्याकाळी दहापैकी तीन गेले. सरांनी तीनच लिहिले, कारण लिहिलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात संस्थेचे सचिव भीमाशंकरआप्पा यांनी त्यांना बोलावलं. लातूरची पोरं बोर्डात झळकत होती. जळकोटपासून नांदेडपर्यंतचे आईबाप ट्रंका घेऊन स्टँडवर उतरत होते, गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं जात होत्या. कॉलेजनं अकरावी-बारावी सायन्सची स्पेशल बॅच काढली होती. शिकवणार रामलिंग. बसवायचं कुठं?

"कोर्टावर पत्र्याचं शेड मारू म्हणतो," आप्पा म्हणाले. "दीडशे पोरं बसतील. तुमचे खेळतात किती? पंधरा."

सर खिडकीपाशी जाऊन कोर्टाकडं बघून आले. मग म्हणाले, "आप्पा, त्या कोर्टावरची पाच पोरं फौजेत आहेत. एक तर आत्ता वर आहे. त्याला विचारा. त्याचं घर पडलं तेव्हा तो तिथं राहिला. तो हो म्हणाला तर मीच खांब उपटून देतो."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. "खरंय. या दिवसांत फौजीचा शब्द कोण मोडणार? लिहू द्या त्याला. तो म्हणंल तसं."

सर त्या दिवशी जवळजवळ पळत पोस्टात गेले. भुजंगचं एक पत्र आधीच खिशात होतं, उत्तर द्यायचं राहिलेलं. त्यात त्यानं लिहिलं होतं: तनुजाची दहावी झाली, ती आणि आई शिरूर अनंतपाळला मामाकडं आहेत, तिला डॉक्टर व्हायचंय, कॉलेजच्या बॅचमध्ये जागा मिळत नाही म्हणतात, सर, तुम्ही आप्पांकडं शब्द टाका. मी आयुष्यात पहिल्यांदा काही मागतो आहे.

सरांनी कार्डाऐवजी इनलँड घेतलं. तीन बाजू कोर्टाबद्दल भरल्या, तुझं म्हणणं आप्पांना कळव म्हणून. चौथ्या बाजूला उरलेल्या जागेत लिहिलं: "तनुजाची काळजी नको. हुशार पोरीला बॅच कशाला? उंची चांगली आहे, मी तिला कोर्टावर घेतो. आज दहापैकी नऊ."

ते चूक लिहीत आहेत असं त्यांना वाटलं नाही. त्यांच्या हिशेबी कोर्टापेक्षा मोठी वस्तू त्यांच्यापाशी नव्हती आणि तीच ते देत होते.

निकालानंतर गुणाबाई आणि तनुजा एसटीनं आल्या. तनुजा दारात वाकून आत आली. सरांनी तिला आधी चौकटीला लावून उभं केलं, पेन्सिलीनं खूण केली.

"पाच फूट आठ! जाहिदा, बघ. ह्या जिल्ह्यात अशी पोरगी नाही."

"दादा," गुणाबाई म्हणाल्या, "पोरीला ऐंशीच्या वर टक्के हायेत. त्या बॅचचं तेवढं..."

"अहो आक्का, बॅचचं सोडा. कोंबड्यांसारखी पोरं कोंबतात त्यात." त्यांनी पलंगाखालून चेंडू काढला आणि तनुजाच्या हातात ठेवला. "उद्या सकाळी सहाला ये. बाकी माझ्यावर."

तनुजानं चेंडू दोन्ही हातांत धरला. ओझं धरतात तसा. मग वाकून तो हळूच जमिनीवर ठेवला, घरंगळू नये म्हणून पायानं अडवला. "येते सर," म्हणाली.

त्या गेल्यावर जाहिदाबी भांडी उचलत म्हणाल्या, "लडकी कुछ और मांगने आयी थी."

"लाजते. येईल."

सकाळी सहाला ती आली नाही. अकराला ती आणि गुणाबाई आप्पांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेल्या सरांना लांबून दिसल्या. कागदपत्रं घेत असतील, त्यांना वाटलं.

जुलै गेला. लढाई थांबली. भुजंगचं कार्ड आलं नाही. शहिदांच्या यादीत त्याचं नाव नाही ना, हे सर पेपरात रोज बघत आणि नाही म्हणून पेपर घडी करून ठेवत. बॅच व्हरांड्यात बसत होती. कोर्टावर पंधरा पोरं खेळत होती, कधी अकरा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आप्पा जिन्यात भेटले, म्हणाले, "भुजंगचं पत्र आलंय. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली वाचू. मानाची गोष्ट आहे."

सरांनी त्या दिवसासाठी पांढरे कॅनव्हास बूट खडूनं पांढरे केले. पोरांना रेषा नव्यानं मारायला लावल्या. पहिल्या रांगेत बसले. झेंडा झाला, गीत झालं, आप्पांनी चष्मा लावला.

"आदरणीय आप्पा. मी कॉलेजच्या कोर्टावर मोठा झालो. संकटात तिथं आम्हाला आसरा मिळाला. आता तिथं शेड झालं तर गरिबांच्या शंभर पोरांना शिकता येईल. माझी हरकत नाही. आमच्या सलीम सरांनाही हेच आवडेल. आपला, भुजंग."

टाळ्या खूप वेळ वाजल्या. मागून कुणीतरी घोषणा दिली. रामलिंग सरांनी वळून सलीम सरांचा हात हातात घेतला आणि दाबला. खरोखर गहिवरून. सरांनी हात काढून घेतला नाही. सगळं मैदान त्यांच्याकडं बघत होतं आणि त्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

घरी ते बूट न काढता बसले. "हे त्याचं पत्र नाही," ते जाहिदाबींना म्हणाले. "आकडा नव्हता. शेवटी आकडा नव्हता. आप्पानं कुणाकडून तरी लिहून घेतलं."

"मग जाऊन बघा."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी खळखळ न करता पत्र समोर ठेवलं. अक्षर भुजंगचं होतं. त्याचा "र" त्यांना अंधारातही ओळखू आला असता. आकडा मात्र नव्हता.

"त्याची बहीण बॅचला घेतली आपण," आप्पा म्हणाले. "मी आईला सांगितलं होतं, जागा व्हरांड्यात नाही, शेड झालं तर आहे. पोरीनं भावाला कळवलं. मी काही वाकडं केलं नाही सर. फौजीला विचारा, तुम्हीच म्हणालात."

चार दिवसांनी कार्ड आलं. त्या पन्नासांतलं एक, पत्ता सरांच्याच अक्षरात. त्यावर मायना नव्हता, हवापाणी नव्हतं.

"दहापैकी शून्य. भुजंग."

सर ते कार्ड घेऊन कोर्टावर गेले. वेल्डरनं एक खांब पायाशी कापला होता. दुसऱ्याचा बोर्ड काढून रिंग आणि मधमाश्यांच्या पोळ्यासकट भिंतीला टेकवला होता. आठवड्याभरात पत्रे आले. पावसात त्यांचा असा आवाज व्हायचा की रामलिंगला फळ्यावर लिहून शिकवावं लागे. तिसऱ्या बाकाखाली फ्री थ्रोची रेषा होती, नवीन मारलेली.

बाकीच्या अकरा पोरांना सर अधूनमधून लिहीत राहिले, आकड्याशिवाय. कुणी कारण विचारलं नाही. भुजंगला त्यांनी लिहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ते कहकशांकडं नांदेडला गेले. तिथं जाहिदाबींचा निरोप आला: भुजंग रजेवर आला होता, घरी येऊन गेला, दाराच्या चौकटीकडं बघत बसला होता, मंगळवारी सकाळच्या सचखंड एक्सप्रेसनं परत जाणार आहे. नांदेडहूनच.

मंगळवारी सर स्टेशनवर गेले. जायचं नाही असं ठरवून चहाला निघाले होते, आणि चहा स्टेशनवर प्याले.

भुजंग वाळला होता. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. तो पाया पडायला वाकला, सरांनी खांद्याला धरून वर केलं. खिडकीच्या गजापाशी दोघं उभे राहिले.

"सर, माझं कार्ड पोचलं?"

"पोचलं."

"उत्तर न्हाई आलं."

"पत्र लिहायचं तर आधी दहा फेकावे लागतात. कुठं फेकू?"

शिखांचा एक जथा सामान घेऊन मधून गेला, दोघांना बाजूला व्हावं लागलं.

"आप्पाला लिहिलंस तेव्हा माझं पत्र समोर होतं?" सरांनी विचारलं.

"होतं. तनुजाचं पण होतं."

"मग?"

"मी चार वर्षं तुम्हाला आकडे कळवत राहिलो सर. एकदा मागितलं." त्याचा आवाज चढला नाही. "तुम्ही तिच्या हातात चेंडू दिला."

शिट्टी झाली. तो चढला. सरांना काही बोलायचं होतं. रेषेला डोकं लावून झोपलेल्या मुलीबद्दल, चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणेबद्दल. डबा सरकू लागला. भुजंगनं दारातून वाकून ओरडून विचारलं, "सर, तुमचे किती?"

सरांचा हात खिशाकडं गेला. खिशात एक कार्ड होतं, ऑगस्टपासून, ५६ ए.पी.ओ.चा पत्ता लिहिलेलं. गाडी पुलावर गेल्यावर ते बाकावर बसले, कार्ड मांडीवर घेतलं आणि लिहिलं, "दहापैकी". पुढं पेन थांबलं. न फेकता आकडा लिहायचा नाही, हा नियम त्यांचाच होता.

स्टेशनच्या लाल पेटीपाशी ते थोडा वेळ उभे होते. मग कार्ड परत खिशात घातलं आणि ऑटो न करता कहकशांच्या घराकडं चालत गेले.