शाही पनीर खतम!

ओंकारेश्वरहून इंदूरला परत येत होतो. नव्वदच्या दशकातला हिवाळा, भाड्याची जीप, आणि सकाळपासून उपाशी असलेले माझे बाबा... सिमरोल गावाच्या जरा अलीकडे त्यांना एक भलामोठा बोर्ड दिसला. शाही पनीर, नूडल्स, मंचुरियन!

बाबा पुण्याच्या बँकेत ऑफिसर. प्रवासात पनीर खाणं हा ते आपला हक्कच समजायचे. जीप थांबली.

आत चार खाटा, एक छप्पर, मागे हिरवंगार शेत... आणि गिऱ्हाईक एकही नाही. पन्नाशीचा मालक पुढे आला. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून म्हणाला, "अरे वा, आपलेच लोक! बसा, बसा." आडनाव पवार.

"शाही पनीर आणा," बाबा म्हणाले.

"पनीर तर आत्ताच खतम झालं, काकाजी."

नूडल्स? खतम. मंचुरियन? तेही खतम... बाबांनी रिकाम्या खाटांकडे एकदा नजर फिरवली. "एवढं सगळं खाऊन गेलं कोण?"

तेवढ्यात चुलीमागून आवाज आला, "अहो, खोटं काय बोलता! पनीर आपल्याकडे आलंच कधी?"

या पवारांच्या बायको, सुमनताई. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. पवार इंदूरच्या कापडमिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर होते. मिल बंद पडली, म्हणून सासऱ्यांच्या जमिनीच्या या तुकड्यावर दोघं आले. शेतातलंच रांधून स्वस्तात जेवायला घालायचं, ही कल्पना ताईंची. बोर्ड मात्र पवारांचा... कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलचा, भंगारातून आणलेला!

"आता जमाना बदलला, भिया," पवार खाली बघत, 'भैया'चं इंदुरी 'भिया' करत म्हणाले. "पैसे देऊन वांगी खायला कोण येणार?"

"आणि बोर्ड वाचून येतात ते उठून जातात," ताई म्हणाल्या. "असंच चाललं तर महिन्याभरात चूल बंद."

खरं सांगायचं तर बाबाही उठलेच होते. एक चप्पल पायात गेली होती...

ताईंनी बाबांच्या हातात टोपली दिली. "काका, पाच मिनिटं रुका. शेतात जा, जे आवडेल ते तोडून आणा. तुमच्यासमोर बनवते."

इस्त्रीची पँट सांभाळत बाबा वाफ्यात शिरले... आणि बराच वेळ बाहेरच येईनात! आले तेव्हा टोपली ओसंडून वाहत होती. पालक, हिरवा लसूण, ओला हरभरा आणि इतकी वांगी की ताई बघतच राहिल्या. "काका, बारात येणार आहे का?"

मग चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, लसणाची चटणी, पालकाची भाजी आणि गरम मक्याची भाकरी. घरी वांग्याकडे ढुंकूनही न बघणारे बाबा तिसऱ्यांदा भरीत मागत होते. वर प्रत्येक घासाला, "हे कोपऱ्यातल्या झाडाचं बरं का!"

इतक्यात एक मेटॅडोर थांबली. आठ-दहा माणसं उतरली, बोर्ड वाचला, आणि एकानं विचारलं, "भिया, नूडल्स है क्या?"

पवार तोंड उघडणार, त्याआधी बाबा खाटेवरून ओरडले, "नूडल्स खतम! भरता खाओ, भरता! मैंने खुद तोडा है!"

ती माणसं गोंधळली... पण भरताच्या वासाने बसली. मग बाबांना आवरणं शक्यच नव्हतं. उष्टा हात धुऊन त्यांनी वाढायला घेतलं. कुणाला नको म्हणू देईनात. बारात खरंच आली होती! आणलेली सगळी वांगी संपली, पवार पळत जाऊन आणखी तोडून घेऊन आले.

मेटॅडोरवाले जाताना "परत याच रस्त्यानं येऊ, भरता ठेवा" असं बजावून गेले. पवार खाटेवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मिल बंद पडल्यापासून आज पहिल्यांदा हसले ग..."

निघताना पवारांनी बाबांचा हात धरला. "काकाजी, उद्यापासून येता का कामाला? पक्की नोकरी देतो."

बाबांनी क्षणभर त्या शेताकडे पाहिलं आणि ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "बँकेत विचारून सांगतो."

जीप निघाली. इतकं पोटभर आणि इतकं मनापासून आम्हाला कुणी क्वचितच जेवू घातलं असेल... सुमनताई, पवारभिया, जिथे असाल तिथे तुमची चूल अशीच पेटती राहो.