एका रात्रीचे पाहुणे

सकाळचे दहा वाजले होते. गाडीत बॅगा भरून झाल्या होत्या आणि पुण्याचे सहाच्या सहा पाहुणे गायब होते.

मी सेलूहून बोर अभयारण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आठ खोल्यांच्या रिसॉर्टचा मॅनेजर. पाहुणा सरासरी किती रात्री राहतो, त्याला आमच्या धंद्यात 'ॲव्हरेज स्टे' म्हणतात. आमचा एकावर अडकला होता. माणूस संध्याकाळी येणार, पहाटे सफारी करणार आणि वाघ दिसो न दिसो, दहाला चेकआउट. मोठा टीव्ही लावला, कॅरम आणला. काही उपयोग नाही.

"दुसऱ्या रात्री काऊन नाई थांबत लोकं?" मालक, म्हणजे सेठजी, सारखे विचारत. होळीपर्यंत हेच राहिलं तर ते इथं कापसाचं गोडाऊन करणार होते. त्या दिवशी जागेचं माप घ्यायलाच ते आले होते.

"पाहुणे कुठी हायेत?"

"चेकआउट चालू आहे," मी ठोकून दिलं.

वॉचमननं घात केला. "सारे चंद्रकलाबाईच्या वावरात गेले न!"

चंद्रकलाबाई आम्हाला भाजी पुरवते. तिचं शेत मागेच. पुण्याच्या आजींनी तिच्या टोपलीतली वांगी बघून "कुठली हो?" एवढंच विचारलं होतं.

आम्ही दोघं धावत गेलो. बघतो तर आजोबा बैलगाडी हाकत होते. खरं तर बैलच त्यांना हाकत होते. मुलगा नातवंडांबरोबर तुरीत लपाछपी खेळत होता. आजी कणकेचे गोळे वळत होत्या. सून ते गोवऱ्यांच्या विस्तवात भाजत होती आणि धुरानं डोळे पुसत खदखदून हसत होती.

"ताई, चेकआउट..." मी सुनेला म्हणालो.

"थांब न भाऊ!" चंद्रकलाबाई ओरडली. "रोडगे भाजून राह्यले. पाहुण्यायले उपाशी धाडू का? सेठजी, तुमी बी बसा."

सेठजी बसले. तुपात बुडवून चार रोडगे खाल्ले. मग आजोबांशेजारी बैलगाडीत चढले आणि गाडी थेट तुरीत घुसली. आम्ही पोट धरधरून हसलो. नोकरीचा विचार माझ्या डोक्यातून पार गेला.

दुपारी आजी म्हणाल्या, "खोली आजही मिळेल का? उद्या चंद्रकला मला पाटोडीचा रस्सा शिकवणार आहे."

तीन रात्री राहिले. वाघ दिसला नाही. कुणी त्याबद्दल विचारलंही नाही.

गोडाऊन रद्द झालं. वावरातलं जेवण रोजचं झालं, पाहुणे थांबू लागले. मग चंद्रकलाबाई चार दिवस माहेरी गिरडला गेली आणि सगळे पुन्हा सकाळी दहाला निघाले.

मी एवढंच शिकलो: बुकिंग घेण्याआधी तिला फोन करून माहेरी कधी जाणार ते विचारून घ्यायचं.