माझ्या नावावरची गाडी

"चारचाकी हाय तुमच्या नवऱ्याच्या नावावर," तालुक्याच्या कचेरीतला बाबू म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्या बायकोकडं वळवला.

दर महिन्याचे सरकारी पैसे का थांबले, ते विचारायला सुमन आली होती. तिला हसू आलं. खरंच हसली ती. तिला वाटलं, भलत्याच कुणाचं नाव निघालं. "सायेब, आमच्या दारात सायकल बी न्हाई," ती म्हणाली. "नवरा दुसऱ्याची गाडी चालवतो. नीट बघा."

बाबूनं पुन्हा बघितलं नाही. मान उंच करून त्यानं तिच्या मागच्या रांगेकडं बघितलं. व्हरांडाभर बाया होत्या. "बघा," तो मोठ्यानं म्हणाला, "चारचाकीत हिंडायचं अन् गरिबाच्या पैशाला हात लावायचा. आसल्या बायांपायी तुमचे पैसे बंद होऊन राहिलेत."

बाया हसल्या. एकीनं विचारलं, गाडीत एसी हाय का गं? सुमनचं तोंड उतरलं. तिनं बाहेर बोट केलं. "ते काय, तिथंच उभे हायत. त्यांनाच इचारा."

मी पंधरा पावलांवर होतो. गाडीपाशी. सगळी रांग माझ्याकडं वळली. माझ्या हातात फडकं होतं. मी मान खाली घातली आणि गाडीची काच पुसायला लागलो. सकाळीच पुसलेली काच.

बाबू खोटं बोलत नव्हता. गाडी माझ्याच नावावर होती. ते सुमनला माहीत नव्हतं.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. शेत नाही. बाप मालकांच्या घरी सालगडी होता, मी ड्रायव्हर झालो. एकोणीस वर्षं. मालक म्हणजे ऊस, पेट्रोल पंप आणि पुढारपण. सरकारी कचेऱ्यांना साहेबांसाठी गाड्या भाड्यानं लागतात. मालक निवडून आलेले, त्यांना स्वतःच्या नावावर तसलं काम घेता येत नव्हतं. म्हणून त्यांनी नवी पांढरी गाडी माझ्या नावावर घेतली. सह्या बोनेटवरच झाल्या. गाडीच्या, बँकेच्या, कोऱ्या चेकांच्या. भाडं माझ्या खात्यात यायचं आणि त्याच दिवशी मालकांकडं जायचं. मी तालुक्याच्या साहेबांना फिरवायचो, पगार पहिल्याइतकाच.

"तू घरचाच हाईस," मालक म्हणाले होते. मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं. पेढे घेऊन घरी गेलो आणि सुमनला म्हणालो, मालकांनी नवी गाडी घेतली.

पुढं मतदानाच्या आधी बायांच्या खात्यात दर महिन्याला पैसे जमा व्हायला लागले. घरात चारचाकी नसावी अशी अट होती, पण अर्ज भरताना कुणी काही तपासलं नाही. गाडी नाही, असं सुमननं लिहून दिलं. तिच्या लेखी ते खरंच होतं. त्या पैशांच्या भरवशावर तिनं गटातून कर्ज काढलं. पोरीला नांदेडला नर्सिंगला घातलं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. गट दहाजणींचा, हप्ता दर मंगळवारी. एकीचा चुकला तर बाकीच्या नऊजणींनी भरायचा. गट जमवला सुमननं. बाया आल्या त्या तिच्या शब्दावर.

मतं पडली. निकाल लागला. मग गाडीत मागच्या सीटवर साहेबांचं फोनवर बोलणं सुरू झालं. यंदा तरतूद कमी केलीय. वरून आदेश आहे, नावं गाळा. एकदा ते हसून म्हणाले, "चारचाकीवाल्यांपासून सुरुवात करा. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही." मी गिअर बदलला. साहेब गावांची नावं घ्यायचे, मी त्या गावांच्या वाटेला गाडी घालायचो. बायांचे पैसे थांबले तरी त्या गाडीचं भाडं सरकार वेळेवर देत होतं. आणि त्याच गाडीपायी माझ्या घरातलं नाव जाणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. मनात म्हटलं, आपलं कोण बघतंय.

बघितलं.

कचेरीतल्या त्या दिवसानंतरचा दुसरा मंगळवार. सुमनचे लागोपाठ दोन हप्ते अपुरे पडले होते. कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला आमच्या ओट्यावर बॅग मांडीवर घेऊन बसला. पूर्ण पैसे जमल्याशिवाय कुणी उठायचं नाही, म्हणाला. बाया घरात बसून राहिल्या. कुणाचं रानातलं काम बुडालं, कुणाचं लेकरू शाळेतून यायची वेळ झाली. शेवटी जनाबाई बोलली. शेजारची. सुमनच्या बाळंतपणाला तीच होती.

"गाडी इका की," ती म्हणाली. "तुमच्या गाडीचं पेट्रोल आमी का भरावं?"

सुमननं हात वर केला. "माझ्या लेकीची आन हाय, जनाबाई. आमाला गाडी न्हाई. असंल तर माझी लेक मला दिसू नगं."

मी दारात उभा होतो. चौकट धरून. एक शब्द जरी बोललो असतो तर ती आन परत घेता आली असती. बोललो नाही. लेकीपेक्षा मला मालकांची भीती जास्त वाटली. हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

जनाबाई उठली. हप्त्यापोटी आमची गॅसची टाकी सोडवली आणि आडवी करून लोळवत दाराबाहेर घेऊन निघाली. मी बाजूला सरकलो. तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांकडं गेलो. गाडी दुसऱ्या कुणाच्या नावावर करा, एवढंच सांगायचं होतं. हॉलमध्ये तीन पाहुणे होते. मी दाराशी चपला काढल्या.

"या, मालक," ते म्हणाले. पाहुण्यांकडं वळले. "हे आमच्या गाडीचे मालक. आमी ह्यांचे भाडेकरी. बसा, मालक. सोफ्यावर बसा."

मी बसलो नाही. त्यांनी माझा दंड धरून बसवलं. चहा आला, त्यांच्या कपात, बशीसकट. त्या घरात माझा कप वेगळा होता. मागच्या मोरीवरच्या कोनाड्यात, कानतुटका. एकोणीस वर्षं मी तो स्वतः विसळून ठेवला. "आधी मालकांना द्या," ते म्हणाले. पाहुणे हसत होते. एकानं मोबाईल काढून फोटो घेतला. मी प्यालो. थोडा चहा बशीत, थोडा पँटवर सांडला.

"झाली हौस? आता खाली उतर अन् कामाचं बोल."

मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं. बायकोचे पैसे बंद झाले, पोरीचं शिक्षण आहे, गटाच्या बाया घरातलं सामान नेऊन राहिल्यात.

"तुझ्या बायकोच्या भिकेपायी मी माझं टेंडर सोडू?" ते म्हणाले. मग आवाज उतरवला. कपाटातून कागद काढला. वर्षभराचा करार नवा करायचा होता. "हितं सही कर. मंगळवारच्या हप्त्याचं मी बघतो. अन् बाईला परत कचेरीत धाडू नको. लई तोंड चालवते म्हणं."

मी आजवर कधी वाचलं नव्हतं. बोट ठेवतील तिथं सही करायचो. त्या दिवशी वाचलं. सदर वाहन माझ्या स्वतःच्या मालकीचे असून, असं लिहिलं होतं. खाली माझं नाव. बापाच्या नावासकट.

माझी बायको खरं बोलली होती आणि तिनं ते लेकीची आन घेऊन सांगितलं होतं. खोटं होतं ते या कागदावर. पेन माझ्या हातात होतं.

"न्हाई करत," मी म्हणालो.

"काय म्हणलास?"

"सही करत न्हाई. गाडी तुमची हाय." मी किल्ली काढली आणि बशीत ठेवली. चहाच्या डागात.

पाहुणे हसायचे थांबले. मालक तसेच बसून होते. "आजवरच्या सह्या कुणाच्या? तुझ्या. आत तू जाशील. मी न्हाई."

"जाईन," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा सुमन तीन विटा मांडून चूल फुंकत होती. मी सगळं सांगितलं. बोनेटपासून पेढ्यांपर्यंत. ती फुंकत राहिली. धूर झाला होता, तिच्या डोळ्यांत पाणी कशाचं होतं ते मी सांगू शकत नाही. मग फुंकणी खाली ठेवली.

"तू तिथंच हुतास," ती म्हणाली.

बावीस वर्षांच्या संसारात ती मला कधी एकेरी बोलली नव्हती.

"कचेरीत तिथंच हुतास. मी लेकीची आन घेतली तवा बी तू दारातच हुतास."

एवढंच. मला जेवायला वाढलं. ताट पायानं सरकवलं.

पुढच्या मंगळवारी मी गटाच्या बायांसमोर उभा राहून खरं सांगितलं. कुणी सुमनला जवळ घेतलं नाही. जनाबाई म्हणाली, "मग आता हप्ता कोण देनार?" टाकी अजून तिच्याकडंच आहे. कचेरीत मी लिहून दिलं की गाडी कुणाची, सह्या कशा झाल्या, भाडं कुठं गेलं. बाबूनं अर्ज उलटसुलट करून बघितला. म्हणाला, नाव काही परत लागणार नाही, नवी नावं घेणं बंद आहे. आणि तुमच्यावर गुन्हा होईल तो वेगळाच. आज मी लातूरच्या आडतीत पोती उचलतो. सुमन दुसऱ्यांच्या रानात जाते. पोरीची पुढच्या वर्षाची फी भरायची आहे, ती कशी भरणार ते मला माहीत नाही. ती फोनवर आईशी बोलते. माझ्याशी नाही.

चौकशीची नोटीस आली आहे. येत्या सोमवारी, त्याच कचेरीत. मालकांनी निरोप धाडला, दारूच्या नशेत लिहिलं असं सांग, फी आमी भरतो. निरोप मी सुमनसमोरच ऐकला आणि माणसाला तिच्यासमोरच वाटेला लावलं.

मी दोन गोष्टी सांगणार आहे. गाडी त्यांची आहे. सह्या माझ्या आहेत. दोन्हीची शिक्षा द्या. पण ज्या बाईनं खरं सांगितलं तिचं नाव कुणी गाळलं आणि कुणाला वाचवून गाळलं, तेही त्याच कागदावर लिहा. लिहिल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

सुमन बरोबर येणार आहे. मला धीर द्यायला नाही. तिला ऐकायचं आहे.

"खोलीत जाऊन सांगू नको," ती काल म्हणाली. "व्हरांड्यात उभा ऱ्हा. मी उभी हुते तिथं. अन् आवाज मोठा ठेव. रांगंतल्या शेवटच्या बाईला ऐकू गेलं पायजे."

जाईल.