देशपांड्यांचा वारा

रविवारी सकाळी टेकडीवर डिस्क गोल्फ चालतो. लांब उभ्या केलेल्या साखळ्यांच्या टोपलीत तबकडी फेकायची, एवढाच खेळ. आमचे शेजारी देशपांडे तिथे सगळ्यांत हट्टी, म्हणजे जोरात फेकल्याशिवाय सरळ न जाणारी तबकडी घेऊन येतात, कारण तिथली सर्वांत जोरकस खेळाडू मीनल तसलीच फेकते. मीनलच्या हातून ती सुसाट सरळ जाते आणि अगदी शेवटी डावीकडे वळून टोपलीपाशी उतरते. देशपांड्यांच्या हातून सुटल्या सुटल्या ती डावीकडे कलंडते आणि घाणेरीच्या झुडपात शिरते. तबकडीला हाताचा वेग तेवढा कळतो, त्यांच्या खांद्यावरची महागडी बॅग कळत नाही.

"काका, ही हलकी घ्या, सरळ जाईल," मीनल म्हणाली.

"ती नवशिक्यांची."

मला अशा माणसांची कीवसुद्धा येत नाही. दुसऱ्याच्या ताकदीची वस्तू मिरवायची आणि ती आपल्याला जुमानत नाही म्हटल्यावर हवेला नावं ठेवायची.

"वारा फार आहे आज," झुडपात वाकलेले देशपांडे म्हणाले.

मी शेजारच्या पिंपळाकडे पाहिलं. एरवी उगीचच सळसळणारं ते झाड, पण आज त्याचं एक पान हलत नव्हतं. मी ते त्यांना दाखवलं.

"इथे नाही हो," ते म्हणाले, "वर असतो."