शालनताईंची कळ चुकली नव्हती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमधल्या एका गाळ्यात मी वेबसाइट बनवायचो. अंधांसाठीच्या एका संस्थेचं काम आलं. संस्थेतर्फे शालनताई कांबळे यायच्या – मूळच्या नांदेडकडच्या, एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. संस्थेत एक बोलणारा कॉम्प्युटर होता. पडद्यावरचं तो वाचून दाखवायचा. तिथे दर शनिवारी कॉम्प्युटरचा वर्ग सुरू होणार होता, आणि तो ताईंनीच घ्यायचा असं जवळजवळ ठरलं होतं.

साइटवरची माझी बटणं म्हणजे रंगीत चित्रं. चित्र त्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्रामागे दोन शब्द लिहून ठेवायचे – हे ताईंनीच मला समजावलं होतं. मी हो म्हणालो. आणि लिहिले नाहीत. विसरलो? नाही. कंटाळा केला. पान देखणं झालं होतं, बघणारे वाखाणत होते. आणखी काय हवं, असं वाटलं मला. अंधांच्या साइटबद्दल – असं वाटलं.

साइट दाखवायच्या दिवशी संस्थेची सगळी कमिटी जमली. ताई कीबोर्डच्या कळा दाबत होत्या आणि कॉम्प्युटर एकच शब्द म्हणत होता – इमेज, इमेज, इमेज. त्या थांबल्या. माझ्या दिशेला मान वळवून म्हणाल्या, "तू शब्द घातलेस ना रे?"

एवढंच. आरोप नव्हता त्यात. आणि मी काय म्हणालो?

"घातलेत ताई. तुमचीच कळ चुकतेय बहुतेक."

त्या खोलीत यातलं कळणारी माणसं दोनच होती – त्या आणि मी. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "असेल. मलाच अजून शिकायला हवं," म्हणाल्या. कमिटीनेही ते ऐकलं. शनिवारचा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी दिला गेला – डोळस माणसाला.

दोन दिवसांनी मी गुपचूप सगळे शब्द घातले. किती वेळ लागला असेल? एक दुपार. कुणाला काही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात गाळ्यावर ताईंचा फोन आला. ऑफिस सुटल्यावर रोज संस्थेत जाऊन त्या सराव करत होत्या. आवाजात हसू होतं. "जमलं रे मला. सगळी बटणं बोलतायत. माझंच चुकत होतं – आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर शंका घेतली. राग नको धरूस."

सांगायचं तर तेव्हाच होतं. रिसीव्हर हातात होता, गाळ्यात कुणी नव्हतं. काय अडलं होतं?

मी म्हणालो, "असू दे ताई. होतं असं."

त्यांनी माझे आभार मानले आणि फोन ठेवला.